रीमास्टर्ड एलपी घ्यायची, का काकांचीच जुनी वाजवायची?

निपाणीच्या एका पोरानं विचारलंय, आधी प्रश्न सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. त्याचे काका पुण्याला फ्लॅटमध्ये राहायला गेले, जाताना एलपींची, म्हणजे मोठ्या रेकॉर्डींची ट्रंक ह्याच्या गळ्यात घालून गेले. पिंक फ्लॉइड, डीप पर्पल, बीटल्स, बहुतेक सगळ्या कोलकात्याच्या डमडमला छापलेल्या एचएमव्हीच्या. आता त्याच अल्बमांच्या नव्या ‘रीमास्टर्ड, 180 ग्रॅम’ एलपी ऑनलाइन दिसतात, एकेकीला चार-पाच हजार. त्या घ्याव्यात, का सीडी घ्यावी, का हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा मोठ्या आकड्यांच्या फाइलींचं डाउनलोड, का मोबाइलवरचं स्ट्रीमिंगच बास? आणि शेवटी हळूच विचारलंय की काकांचा ऐंशीच्या दशकात बेळगाव कॅम्पात बँड होता, त्याची एक कॅसेट आहे, ती रीमास्टर करून बाहेर काढता येईल काय.

मी बेळगावात टिळकवाडीत जुन्या टेपा-रेकॉर्डी डिजिटल करायचं आणि मास्टरिंगचं, म्हणजे गाणं बाहेर काढायच्या आधी आवाजावर शेवटचा हात फिरवायचं काम करतो. माझ्याकडं येतं ते जास्त करून नाट्यसंगीत, भजनं, गावच्या नाटकांची रेकॉर्डिंगं, पण रॉक हा आमच्या कॅम्पातल्या पोरांचा जुना नाद, तो काय सुटत नाही.

पहिली गोष्ट, स्टिकरवर ‘रीमास्टर्ड’ लिहिलंय म्हणून आवाज चांगला असतो असं अजिबात नाही. त्या शब्दाला काही आयएसआय मार्क नाहीये. मूळ टेप काढून, मशीन नीट लावून, महिनाभर कान लावून केलेलं काम पण रीमास्टर, आणि जुन्या सीडीवरनं फाइल उचलून नुसती मोठ्यानं केलेली पण रीमास्टरच. म्हणून कुठलीही रीइश्यू, म्हणजे जुन्या अल्बमची नवी आवृत्ती, घेताना मी दोनच गोष्टी शोधतो, कुठल्या टेपवरनं केलंय आणि कुणी केलंय. एलपी, सीडी का फाइल हा प्रश्न त्याच्या नंतरचा. लोक नेमकं उलटं करतात, आधी फॉरमॅटवर भांडत बसतात.

टेपचं सांगतो. स्टुडिओत आधी मल्टिट्रॅक होतं, म्हणजे ड्रम वेगळे, बेस वेगळा, गळा वेगळा. मग ते मिक्स करून दोन ट्रॅकची स्टिरिओ मास्टर टेप बनते. रीमास्टर म्हणजे त्या दोन ट्रॅकच्या टेपवर काम, ह्यात तुम्ही गिटार एकटीच वर काढू शकत नाही, अख्ख्या गाण्याचा बेस-ट्रेबल, पातळी, खरखर एवढंच हातात असतं. रीमिक्स म्हणजे परत मल्टिट्रॅकवर जाऊन सगळं नव्यानं मांडायचं. हे दोन्ही लोक सर्रास एकच समजतात आणि मग घरी येऊन म्हणतात, अरे हे गाणं वेगळंच वाजतंय की. वेगळंच आहे ते. डीप पर्पलचं ‘मशीन हेड’ घे, काकांच्या ट्रंकेत असणारच. 1971 च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडात माँत्रोला एका रिकाम्या हॉटेलात, रोलिंग स्टोन्सचा मोबाइल स्टुडिओ भाड्यानं घेऊन रेकॉर्ड केलेला अल्बम, कारण ज्या कॅसिनोत रेकॉर्डिंग ठरलं होतं तो फ्रँक झापा ह्या अमेरिकन रॉकवाल्याच्या कार्यक्रमात आग लागून जळाला. 1997 ला पंचवीस वर्षांची आवृत्ती आली तिच्यात दोन सीड्या होत्या, एकीवर मूळ मिक्सचं रीमास्टर आणि दुसरीवर बँडच्याच रॉजर ग्लोव्हरनं केलेले रीमिक्स. आणि 2024 च्या मोठ्या बॉक्समध्ये रीमिक्स कुणी केलं, तर ड्वीझिल झापानं, म्हणजे त्याच फ्रँक झापाच्या पोरानं. गंमत आहे का नाही! पण मुद्दा हा की ‘मशीन हेड’ पाहिजे असं म्हणून भागत नाही, कुठलं मशीन हेड ते बघून घ्यायला लागतं.

रीमिक्स नेहमी वाईट असतं असंही नाही हं. जेथ्रो टलचं 1971 चं ‘ॲक्वालंग’ मूळ मिक्समध्ये जरा कोंदट, बंद खोलीत वाजतंय असं वाटायचं, 2011 ला स्टीव्हन विल्सननं मल्टिट्रॅकवरनं परत केलं आणि अल्बमनं श्वास घेतला. मी तरी तेच ऐकतो. उलट झेड झेड टॉपचं बघ, 1987 ला जुने अल्बम सीडीवर काढताना ड्रमवर तेव्हाच्या फॅशनचा ठोकळेबाज आवाज चढवला आणि सत्तरच्या दशकातला ब्लूज-रॉक डिस्कोच्या दारात नेऊन उभा केला. आणि सगळ्यात कडी म्हणजे ऑझी ऑस्बॉर्नचे पहिले दोन अल्बम, 2002 च्या रीइश्यूत मूळ बेस आणि ड्रम काढून दुसऱ्याच वादकांकडनं परत वाजवून घेतले. लोक भडकले ते रास्तच होतं, शेवटी 2011 ला मूळ वादन परत आणलं. म्हणजे 2002 ची सीडी कुणी स्वस्तात देत असेल तर आधी मागची बाजू वाचायची.

आता ‘मूळ टेप’ ह्या शब्दाचं. कंपन्या ‘फ्रॉम द ओरिजिनल मास्टर टेप्स’ असं छापतात, ते खरं असलं तरी त्यात गोम असते. टेप हे काय दगडावर कोरलेलं नाही. सत्तरच्या मध्यापासनं ऐंशीच्या दशकापर्यंतच्या काही टेपांचा, ॲम्पेक्स 456 हा त्यातला बदनाम नंबर, गोंद हवेतली ओल पिऊन चिकट होतो, मशीनवर लावली की किंचाळते आणि टेप वाचणाऱ्या हेडवर तपकिरी राड सोडते. अशी टेप आधी पन्नास-पंचावन्न डिग्रीच्या कोरड्या उबेत तासन्‌तास ठेवतात, मग थोडे दिवस वाजते, तेवढ्यात ट्रान्सफर उरकायचा. काही अल्बमांच्या टेपा बनतानाच झिजल्या, फ्लीटवुड मॅकचं ‘रूमर्स’ करताना ड्रमची टेप इतक्या वेळा मागंपुढं फिरवली की वरचा खणखणीतपणा उडायला लागला, मग ते मूळ ड्रम जपून ठेवलेल्या दुसऱ्या कॉपीवरनं घेतले आणि बाकीचं सगळं दोन मशीनं हातानं जुळवून त्याला जोडलं. आणि 1 जून 2008 ला हॉलिवूडला युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली त्यात किती मास्टर गेल्या ह्याचा बोभाटा तर अकरा वर्षांनी, 2019 ला झाला. म्हणून प्रत्येक वेळी कंपनीकडं पहिलीच टेप असते असं धरून चालू नकोस, बऱ्याचदा कॉपी असते, कॉपीची कॉपी पण असते.

टेप खरी असली तरी लावणाऱ्याला लावता आली पाहिजे. चांगल्या मास्टरच्या सुरवातीला टोन रेकॉर्ड केलेले असतात, त्यावर मशीनचं हेड आणि पातळी जुळवायची, डॉल्बी, म्हणजे टेपचा सूं आवाज (हिस) कमी करायची सोय, वापरलं असेल तर तेच डॉल्बी उघडायचं. नाहीतर वेग चुकतो, उजेड जातो. वेगाचं एक उदाहरण रॉकमधलं नाही, जॅझमधलं आहे, पण आपल्याकडच्या सुराच्या कानांना लगेच पटेल. माइल्स डेव्हिसचं ‘काइंड ऑफ ब्लू’, 1959 चं. रेकॉर्डिंगच्या वेळी एक मशीन जरा सावकाश चालत होतं, त्यामुळं छापलेल्या एलपीची पहिली बाजू चढ्या सुरात वाजायची, आणि हे दुरुस्त कधी झालं, तर 1992 ला. तीसेक वर्षं जगभरातले पोरं त्या रेकॉर्डीबरोबर वाजवायला बसले आणि आपलंच वाद्य उतरलंय म्हणून खुंट्या पिळत राहिले.

बरं, आता आवाज मोठा करायचं भूत. नव्वदनंतर प्रत्येकाला आपलीच सीडी दुसऱ्यापेक्षा जोरात वाजायला पाहिजे झाली. वरची हद्द तर ठरलेली, मग शिखरं दाबायची आणि सगळं वर उचलायचं. हळू भाग आणि जोराचा भाग ह्यातलं अंतरच मारून टाकलं. मेटॅलिकाचा 2008 चा ‘डेथ मॅग्नेटिक’ ह्यासाठी इतका गाजला की लोकांनी सह्या गोळा केल्या, कारण गिटार हिरो ह्या गेममध्ये आलेली तीच गाणी सीडीपेक्षा मोकळी वाजत होती. जुन्या अल्बमांच्या 1995 ते 2010 मधल्या पुष्कळ रीमास्टरवर हाच अत्याचार झालाय. दुकानात दहा सेकंद ऐकलं की वा वाटतं, घरी चाळीस मिनिटं ऐकलं की डोकं दुखतं. माझ्याकडं कुणी अशी फाइल आणली की मी आधी स्क्रीनवर तिची आकृती दाखवतो, 1973 चं गाणं डोंगररांगेसारखं दिसायला पाहिजे ते सपाट कापलेल्या विटेसारखं दिसतं, आणि मग दोन्हीचा आवाज कानाला सारखा लागेल असा खाली-वर करून ऐकवतो. हे तू पण कर. जोरात वाजणारी गोष्ट कानाला नेहमी चांगली वाटते, म्हणून व्हॉल्यूम जुळवल्याशिवाय दोन रीइश्यूंची तुलना करायचीच नाही. स्ट्रीमिंगवाले आता आपणहून सगळं एका पातळीवर आणतात, स्पॉटिफायचं साधारण वजा 14 एलयूएफएस (कानाला किती जोरात लागतं त्याचं माप), त्यामुळं दाबलेल्या मास्टरचा फायदा गेला आणि तोटा तेवढा राहिला. अलीकडची रीमास्टर जरा माणसाळलीत ती ह्यामुळं पण.

आता एलपीवर येतो. 180 ग्रॅम म्हणजे प्लास्टिक जास्त, एवढाच त्याचा अर्थ. ताट हातात घेतल्यावर भारी वाटतं, वाकायची शक्यता जरा कमी, पण आवाज खोबणीत असतो, वजनात नाही. आणि एलपी आहे म्हणजे सगळं ॲनालॉग, हा गैरसमज तर डोक्यातनं काढूनच टाक. बीटल्सचं बघ, 9 सप्टेंबर 2009 ला चार वर्षं खपून केलेली रीमास्टर सीड्यांवर आली. 2012 ला स्टिरिओ एलपी आल्या त्या त्याच डिजिटल फाइलींवरनं कापलेल्या, म्हणजे खोबण कोरलेल्या. पण 2014 ला मोनोच्या, म्हणजे एकाच चॅनेलच्या एलपी आल्या त्या थेट टेपवरनं, मध्ये कॉम्प्युटर नाही. दोन्हीच्या पाकिटावर बीटल्सच, दोन्ही नव्या, पण आतली गोष्ट वेगळी. 2022 ला तर मोबाइल फिडेलिटी ह्या नावाजलेल्या अमेरिकन कंपनीचं बाहेर आलं की लोक ज्या एलपी शुद्ध ॲनालॉग म्हणून महागात घेत होते त्यातल्या बऱ्याच मधल्या एका डिजिटल पायरीवरनं गेलेल्या होत्या, मग कोर्टकचेरी झाली. मला त्यात गमतीची गोष्ट ही वाटली की तोवर कानावर शपथा घेणाऱ्यांपैकी फारसं कुणालाच ते ऐकून कळलं नव्हतं. चांगली डिजिटल पायरी वाईट नसते रे, खोटं सांगणं वाईट.

एलपीला स्वतःच्या मर्यादा आहेत त्या पण ऐक. एका बाजूला वीस-बावीस मिनिटांच्या वर गेलं की खोबण्या दाटीनं कापाव्या लागतात, आवाज खाली करावा लागतो. शिवाय बाहेरच्या कडेला सुईखालनं सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर खोबण जाते आणि लेबलजवळ फक्त वीस-एकवीस, म्हणून शेवटच्या गाण्यात ‘स’ फाटल्यासारखा येतो. म्हणून चांगला कापणारा माणूस लागतो. एलपी उजेडात तिरकी धरून शेवटच्या गाण्याच्या आणि लेबलच्या मधली मोकळी जागा बघ, तिथं नंबर कोरलेला असतो आणि कधीकधी कापणाऱ्याची सही. ‘लेड झेपेलिन टू’ च्या 1969 च्या पहिल्या अमेरिकन छपाईवर आर एल कोरलंय, म्हणजे बॉब लडविग, त्याच्यासाठी लोक आजही वाट्टेल ती किंमत मोजतात. काकांच्या डमडमच्या रेकॉर्डी पण अशाच तपास, काहींवर इंग्लंडच्याच मॅट्रिक्सचे नंबर सापडतात, म्हणजे साचा तिकडनं आलेला. अशा असतील तर त्या धुऊन ठेव, विकू नकोस आणि त्यांच्या जागी नवीन घ्यायची घाई पण करू नकोस. डमडमचं प्लास्टिक सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही, खरखर असते, पण खालचं कटिंग चांगलं असलं तर धुतल्यावर ती खरखर बरीच खाली बसते.

धुणं म्हणजे साबणाचं पाणी नव्हे. डिस्टिल्ड वॉटर, त्यात अगदी थेंबभर सौम्य डिटर्जंट, मऊ ब्रश खोबणीच्या दिशेनं फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं, परत डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन उभं वाळवायचं. तुमच्या निपाणीकडं हवा त्यातल्या त्यात बरी, पण खानापूर, जांबोटीकडनं येणाऱ्या रेकॉर्डी पावसाळ्यानंतर अशा येतात की पाकिटातनं काढताना पांढरी बुरशी हाताला लागते. जुनं प्लास्टिकचं आतलं कव्हर काढून टाक, ट्रंकेत आडव्या रचल्या असशील तर आजच उभ्या कर.

आणि चार हजारांची एलपी घ्यायच्या आधी प्लेयर बघ कुठला आहे. एकजण परवा अमेरिकेतल्या भावाचा टर्नटेबल घेऊन आला, ट्रान्सफॉर्मर लावून 110 व्होल्ट दिलेले, तरी सगळं आजारी माणसासारखं रडत वाजत होतं. एसी मोटर व्होल्टवर नाही, फ्रिक्वेन्सीवर फिरते, तिकडं 60 हर्ट्झ आणि आपल्याकडं 50, मग मिनिटाला 33 फेऱ्यांच्या जागी 28 च्या आसपास फिरणार, दुसरं काय होणार. पुली बदलून दिली, झालं. आणि ते सूटकेसवाले स्वस्त प्लेयर, त्यांच्यावर कुठलंही रीमास्टर लावा, सारखंच वाजतं, वर सुई रेकॉर्ड खरवडते ते वेगळंच. तसला असेल तर एलपीचे पैसे आधी बऱ्या सुईत घाल.

सीडीची मात्र आपल्याकडं उगाच हेटाळणी होते. 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ, 96 डेसिबलच्या आसपास रेंज, म्हणजे हळू-जोरातलं अंतर, एलपीला तेवढी कधीच मिळत नाही. माणसाच्या कानाला स्टिरिओ ऐकायला एवढं भरपूर झालं. 24 बिट 96 किलोहर्ट्झची फाइल घेऊ नको असं म्हणत नाही, पण त्या फाइलीत वेगळं आणि चांगलं मास्टर असेल तरच पैसे द्यायचे, आकडा मोठा आहे म्हणून नाही. तीच दाबलेली वीट 192 किलोहर्ट्झमध्ये घेऊन काय उपयोग? बजेट कमी असेल तर खरं सांगू, ऐंशीच्या दशकातल्या जुन्या सीड्या शोध, पुण्या-मुंबईत आणि गोव्यात सेकंडहँड मिळतात. आवाज जरा हळू वाटेल, नॉब वाढव, पण मोकळं वाजतं. सगळ्याच चांगल्या नसतात, काही घाईत कुठल्यातरी कॉपीवरनं काढलेल्या, पण दाबलेल्या क्वचितच.

स्ट्रीमिंगला माझा विरोध नाही, अॅपल म्युझिकनं 2021 ला जादा पैसे न घेता लॉसलेस, म्हणजे काही न गाळलेला आवाज दिला तेव्हापासनं तर मी नवीन रीइश्यू आधी तिथंच ऐकून बघतो आणि मगच ठरवतो. पण तिथं एक धोका आहे. कंपनीनं नवीन रीमास्टर चढवलं की जुनं बऱ्याचदा गुपचूप जातं, काल ऐकलेलं आज दुसरंच असतं. गाण्याच्या नावापुढं वर्ष असेल तर ते वाचत जा, नसेल तर कुठलं ऐकतोयस ते देवालाच माहीत. डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येईल अशी मांडणी, लिहिलेलं म्हणजे रीमिक्सच समज, ‘डार्क साइड ऑफ द मून’ च्या 2023 च्या पन्नास वर्षांच्या बॉक्समध्ये तेही आहे, साध्या इअरफोनवर ऐकून त्यावर मत बनवू नको, सेटिंगमध्ये ॲटमॉस बंद करून स्टिरिओ ऐक.

तर तुझ्यापुरतं माझं म्हणणं: फ्लॉइडची काकांची एलपी धुऊन वाजव, शेजारी 2011 चं रीमास्टर सीडीवर नाहीतर स्ट्रीमिंगवर लावून बघ, ते काम त्यांच्याच जुन्या इंजिनियरनं, जेम्स गथ्रीनं केलंय आणि समजून केलंय. बीटल्सचं परवडलं तर मोनोचं काहीतरी. पर्पलला पैसे घालवू नको, काकांची ओरखडलेली नसेल तर तीच ठेव. महागडी प्रत्येक बॉक्स म्हणजे निम्मं पुस्तक, फोटो, टीशर्ट आणि गोट्या असतात हे धरून चाल. गोट्या मी थट्टेनं म्हणत नाही, फ्लॉइडच्या 2011 च्या मोठ्या बॉक्समध्ये खरंच काचेच्या गोट्या होत्या.

राहिली काकांची कॅसेट. रीमास्टर म्हणायला तिथं वेगळी मास्टर टेपच नाही, आहे तीच मास्टर, म्हणून पहिल्यांदा वाजेल तेव्हाच नीट रेकॉर्ड करायचं. आधी मी खोलून बघतो, दाब देणाऱ्या स्पंजची पट्टी निखळली असेल तर ती दुसऱ्या कॅसेटमधली लावतो, घर चिरलं असेल तर टेप नव्या घरात घालतो. मग हेडच्या बाजूचा बारका स्क्रू, कान लावून फिरवायचा, एका जागी झांज एकदम पडद्यामागनं पुढं येते, तिथं थांबायचं. ज्या डेकवर रेकॉर्ड झालं त्याचं हेड वाकडं असेल तर आपलंही तेवढंच वाकडं करायला लागतं. काकांना विचारून ठेव की क्रोम टेप होती का साधी आणि डॉल्बीचं बटण दाबलेलं होतं काय, त्यांना आठवत नसेल तर मी दोन्ही करून ऐकवतो. त्यानंतरचं काम थोडं ठेवायचं, हिस सगळा पुसायला गेलास की झांजा पण पुसल्या जातात आणि गळा पाण्याखालनं आल्यासारखा होतो.

आणि बाहेर काढायचं म्हणशील तर बँडनं स्वतः बांधलेली गाणी असतील तर सगळ्या मेंबरांची लेखी संमती घे, कुणी गेलं असेल तर त्यांच्या घरच्यांची, मग डिजिटलला टाकायला फार खर्च नाही. त्यात डीप पर्पलचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ वाजवलेलं असेल, आणि कॅम्पातल्या त्या वेळच्या कुठल्या बँडनं वाजवलं नाही सांग, तर रेकॉर्डिंग तुमचं पण गाणं त्यांचं, त्याचं लायसन वेगळं घ्यायला लागतं. एलपी छापायचा विचार आत्ता करू नको, लाकर, म्हणजे पहिली तबकडी, कापण्यापासनं साच्यापर्यंतचा खर्च शंभर कॉप्यांवर पडला की एकेकीची किंमत ऐकून काकाच नको म्हणतील.

कॅसेट घेऊन येशील तेव्हा बसच्या स्पीकरच्या शेजारची सीट टाळ, चुंबकाचा भरवसा नसतो, आणि त्याआधी घरच्या टेपरेकॉर्डरवर एकदा लावून बघूया म्हणून लावू नकोस. गुरुवार सोडून कधीही ये.